गोळीचा खर्च आणि शिशाचा हिशेब

१ ऑगस्ट २०२४ रोजी फ्रान्समधील शातरूच्या रेंजवर स्वप्नील कुसाळेने ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात ४५१.४ गुणांसह कांस्यपदक जिंकले. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा हा मुलगा. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ मध्ये हेलसिंकीहून कुस्तीचे कांस्य घेऊन आले होते. त्यानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूला वैयक्तिक ऑलिम्पिक पदक मिळायला ७२ वर्षे जावी लागली. पदकानंतरच्या कौतुकाच्या बातम्यांत एक छोटा तपशील होता, आणि पालकांच्या मनात तोच राहिला. सरावाच्या गोळ्यांसाठी वडिलांनी बँकेचे कर्ज काढले होते, आणि त्या काळी एका गोळीला १२० रुपये पडत होते.

स्पर्धेतल्या पात्रता फेरीला आज ६० गोळ्या लागतात. १२० रुपयांच्या भावाने ते ७,२०० रुपये झाले, आणि त्यात नेम बसवून घेण्यासाठी आधी झाडल्या जाणाऱ्या गोळ्या धरलेल्या नाहीत. एवढा खर्च एका दिवसाचा. आठवड्यातून चार दिवस सराव धरला, तर उसाचे बिल आले काय आणि गेले काय, असा प्रकार.

सातारा आणि सांगली या जिल्ह्यांना बंदूक परकी नाही. देशातली पहिली सैनिक शाळा २३ जून १९६१ रोजी साताऱ्यात सुरू झाली. पिढ्यानपिढ्या फौजेत माणसे पाठवणाऱ्या अपशिंगे गावाच्या नावातच ‘मिलिटरी’ हा शब्द येऊन बसला आहे. कॉलेजात एनसीसी केलेल्या कित्येकांनी पॉइंट टू टू रायफलीवर पाच-दहा गोळ्या झाडलेल्या असतात. त्यामुळे मुलगा किंवा मुलगी ‘मला रायफल शूटिंग करायचे आहे’ म्हणाली, की घरात बंदुकीची भीती फारशी वाटत नाही. चर्चा पैशांवर येते. आणि मग कोणीतरी इंटरनेटवर पाहिलेली युक्ती सांगतो: अमेरिकेत लोक वापरलेली काडतुसे घरीच पुन्हा भरतात, निम्म्या खर्चात काम होते, आपल्याला का जमू नये?

या प्रश्नाचे उत्तर नीट देणे गरजेचे आहे, कारण ते अर्धवट कळले तर अंगाशी येऊ शकते.

रायफलीच्या काडतुसाचे चार भाग असतात. पितळेची पुंगळी, तिच्या बुडाशी बसवलेली प्रायमरची टोपी, आत दारू आणि तोंडाशी गोळी. गोळी झाडली की दारू जळून जाते, प्रायमर फुटतो, गोळी निघून जाते. पुंगळी मात्र शाबूत राहते. काडतुसातला हा महागाचा भाग. अमेरिकेतले हौशी नेमबाज ती पुंगळी गोळा करून पुन्हा वापरतात. तिथे प्रायमर, दारू आणि गोळ्या दुकानात सुट्या मिळतात आणि कायद्याची आडकाठी नाही.

आपल्याकडे कायदा वेगळा आहे. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ नुसार काडतुसे तयार करण्यासाठी स्वतंत्र परवाना लागतो. पिकांच्या राखणीसाठी किंवा खेळासाठी बंदूक बाळगण्याचा जो परवाना मिळतो, त्यात काडतूस तयार करण्याची मुभा येत नाही. विनापरवाना ते करणाऱ्यावर कलम २५ खाली गुन्हा दाखल होतो आणि तुरुंगवास दीर्घ असतो. दारू आणि प्रायमर स्फोटकांच्या कायद्यातही येतात. दारूचे प्रमाण जरा चुकले तर रायफल चेहऱ्यापासून काही इंचांवर फुटू शकते, ही गोष्ट वेगळीच.

पण कायदा क्षणभर बाजूला ठेवला तरी या युक्तीचा नवशिक्याला उपयोग शून्य आहे. कुसाळेच्या स्पर्धेत आणि एनसीसीत वापरले जाणारे पॉइंट टू टू काडतूस पुन्हा भरताच येत नाही. मोठ्या काडतुसाची प्रायमर टोपी बुडाच्या मध्यभागी असते आणि ती बदलता येते. पॉइंट टू टूमध्ये अशी टोपी नसते. ठिणगी पाडणारे रसायन पुंगळीच्या बुडाच्या दुमडलेल्या कडेत आतून पसरलेले असते. घोड्याचा टोला त्या कडेवर बसतो, कड चेपते आणि रसायन पेटते. एकदा चेपलेली कड पूर्ववत होत नाही. ती पुंगळी भंगारातच जायची. म्हणजे ज्या काडतुसाचा खर्च पालकांना छळतो, त्याच्यावर ही बचत चालतच नाही.

मग बचत कुठे आहे? ती पॉइंट टू टूपर्यंत पोहोचायच्या आधीच्या दोन-तीन वर्षांत आहे. तेजस्विनी सावंत आणि राही सरनोबत यांना घडवणारे कोल्हापूर सांगलीहून तासा-दीड तासावर आहे आणि साताऱ्याहून पुण्याचे बालेवाडी दोन-अडीच तासांवर. पण रोज तेवढा प्रवास करण्याची गरज सुरुवातीला पडत नाही. १० मीटर एअर रायफलला लागते ती एक लांबट खोली, मागे भक्कम भिंत, चांगला उजेड आणि पेलेट अडवणारा पत्र्याचा सापळा. शाळेचा हॉल किंवा मंगल कार्यालयाचा मोकळा मजला चालतो. तालुक्याच्या गावात निघालेल्या बहुतेक रेंज अशाच असतात.

एअर रायफलमध्ये दारू नसते. दाबलेली हवा शिशाच्या लहान छऱ्याला, म्हणजे पेलेटला, ढकलते. ४.५ मिलिमीटर जाडीचा हा पेलेट साधारण अर्ध्या ग्रॅमचा असतो. तो ०.५३ ग्रॅमचा धरला आणि वेग सेकंदाला १७० मीटर धरला, तर त्याची ऊर्जा साडेसात ज्यूलच्या आसपास येते. पॉइंट टू टूची गोळी २.६ ग्रॅमची असते आणि तिची ऊर्जा १४० ज्यूलच्या घरात जाते. एअर रायफल ४.५ मिलिमीटर आणि २० ज्यूल या मर्यादांच्या आत असेल तर भारतात तिच्यासाठी शस्त्रपरवाना लागत नाही. दुकानदार ओळखपत्र घेतो, एवढेच. अर्थात साडेसात ज्यूल डोळा कायमचा घालवायला भरपूर आहेत. जत्रेत फुगे फोडायच्या स्टॉलवर पोरे बंदूक हातात घेऊन गप्पा मारत वळतात, तसे रेंजवर चालत नाही.

नवी मॅच रायफल लाखांत जाते, म्हणून पहिले वर्षभर ती घेऊच नये. क्लबची रायफल वापरावी. जुनी घ्यायचीच असेल तर रंगरूप आणि लाकूड पाहण्याआधी हवेच्या सिलिंडरवर कोरलेली तारीख पाहावी. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार या सिलिंडरचे आयुष्य दहा वर्षांचे धरले जाते. मुदत संपलेले सिलिंडर २०० बारच्या आसपास दाबाची हवा धरून गालापाशी असते. स्वस्तात मिळालेल्या रायफलीला नवे सिलिंडर घ्यावे लागले की स्वस्ताई तिथेच संपते, आणि विकणारा ते बहुधा आपणहून सांगत नाही.

सर्वांत मोठी बचत मात्र एकही पेलेट न झाडता होते. नेमबाजीतले बहुतेक कौशल्य गोळी सुटण्याच्या आधीचे आहे. उभे राहणे, श्वास सोडून थांबणे, चाप सरळ मागे घेणे, आणि चाप सुटल्यावरही नजर न हलवणे. १० मीटर एअर रायफलच्या लक्ष्याचा मधला ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो, टाचणीच्या टोकाएवढा. हृदयाच्या एका ठोक्याने जाकिटातले शरीर जेवढे हलते, तेवढ्यानेही नळीचे टोक त्या ठिपक्यावरून सरकते. हे हलणे आटोक्यात आणायला पेलेट लागत नाही. रिकाम्या रायफलीने, समोर पांढऱ्या भिंतीवर काळा ठिपका चिकटवून, रोज अर्धा तास केलेला सराव, ज्याला नेमबाज ‘ड्राय फायर’ म्हणतात, हा जगभरच्या अव्वल नेमबाजांच्या दिनक्रमाचा भाग आहे. एक खबरदारी हवी: मॅच रायफलीत ड्राय फायरसाठी वेगळी सोय असते. स्प्रिंगवर चालणाऱ्या साध्या एअरगनने पेलेटशिवाय चाप ओढत बसले तर आतला पिस्टन आपटून खराब होतो. पॉइंट टू टू रायफल रिकामी चालवली तर घोडा नळीच्या कडेवर आदळतो. म्हणून प्रशिक्षकाला विचारूनच हे करावे.

असा सराव आरोग्याच्याही फायद्याचा आहे, आणि आता खर्चापेक्षा महत्त्वाच्या प्रश्नाकडे वळायला हवे. हा प्रश्न तालुक्याच्या रेंजवर क्वचितच विचारला जातो: त्या हॉलमध्ये रोज किती शिसे साचते?

आधी भाषेतला एक गोंधळ. आपण ‘शिसपेन्सिल’ म्हणतो, पण पेन्सिलीत शिसे नसते, ग्रॅफाइट असते. लहानपणी पेन्सिल चघळून कोणाला शिशाची बाधा झाली नाही, म्हणून शिसे निरुपद्रवी असल्याची समजूत मनात कुठेतरी बसलेली असते. पेलेट आणि पॉइंट टू टूच्या गोळीतले शिसे मात्र खरे असते.

हिशेब साधा आहे. ६० पेलेटच्या एका फेरीत सुमारे ३२ ग्रॅम शिसे सापळ्यात जाते. वर्षाला १०,००० पेलेट झाडणारा एक होतकरू मुलगा ५ किलोच्या वर शिसे झाडतो. दहा मुले असतील तर अर्धा क्विंटल. यातले बहुतेक शिसे चपट्या तुकड्यांच्या रूपात सापळ्यात पडते आणि तसे त्रासदायक नसते. त्रास होतो तो बाकीच्या थोड्याशा भागाचा: पोलादी पत्र्यावर आदळून उडणारा भुगा, नळीच्या आत घासून निघणारी राख, आणि डब्यातून पेलेट उचलताना बोटांना लागणारा करडा काळपटपणा. पॉइंट टू टूमध्ये यात आणखी भर पडते. तिच्या गोळीला बहुधा वरून तांब्याचे कवच नसते, मागून गरम वायू लागतो, आणि प्रायमरमध्ये लेड स्टिफनेट नावाचे शिशाचेच संयुग असते. त्यामुळे प्रत्येक गोळीबरोबर नळीच्या तोंडातून आणि मागच्या फटीतून शिशाची सूक्ष्म वाफ बाहेर पडते, आणि नेमबाजाचे नाक तिथून फार लांब नसते.

म्युनिकच्या संशोधकांनी २००९ मध्ये बंदिस्त रेंजवरच्या नेमबाजांच्या रक्तातल्या शिशाची तुलना प्रसिद्ध केली होती. फक्त एअरगन वापरणाऱ्यांचे मधले मूल्य डेसिलिटरला सुमारे ३.३ मायक्रोग्रॅम होते. एअरगनबरोबर पॉइंट टू टू वापरणाऱ्यांचे ८.७ आणि मोठ्या बोअरच्या पिस्तुलांचे १० च्या आसपास. धावत-फिरत झपाट्याने गोळीबार करण्याच्या प्रकारात ते १९ पर्यंत गेले होते. जितकी दारू आणि जितक्या गोळ्या, तितके शिसे, असा सरळ चढ त्यात दिसतो.

हे आकडे मोठे की लहान? अमेरिकेच्या सीडीसीने २०२१ मध्ये लहान मुलांसाठीची दखलपात्र पातळी ५ वरून ३.५ मायक्रोग्रॅमवर आणली. जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ ची मार्गदर्शक तत्त्वे ५ मायक्रोग्रॅमला शिशाचा स्रोत शोधून तो थांबवायला सांगतात. रक्तातल्या शिशाची सुरक्षित अशी कोणतीही पातळी सापडलेली नाही, यावर दोन्ही संस्थांचे एकमत आहे. एअर रायफलच्या नेमबाजांचे मूल्य त्या मानाने कमी आहे, हा दिलासा आहे. पण ते जर्मनीतले प्रौढ नेमबाज होते, आणि आपल्याकडे रेंजवर येणारी मुले १०-१२ वर्षांपासूनची असतात.

एक आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे. ४० किलो वजनाच्या मुलाच्या अंगात साधारण तीन लिटर रक्त असते. डेसिलिटरला ५ मायक्रोग्रॅम म्हणजे त्या सगळ्या रक्तात मिळून १५० मायक्रोग्रॅम शिसे. एका पेलेटमध्ये ५,३०,००० मायक्रोग्रॅम असते. पेलेट हातात धरला म्हणून ते सगळे रक्तात जात नाही, हे उघड आहे. पण किती कमी धूळ पुरते, हे यावरून कळावे.

शिसे मुख्यतः दोन वाटांनी शरीरात येते, श्वासातून आणि तोंडातून. एअर रायफलच्या हॉलमध्ये तोंडाची वाट जास्त महत्त्वाची. इथे वय आणि जेवण दोन्ही आड येतात. प्रौढ माणूस गिळलेल्या शिशापैकी साधारण दहावा भाग शोषतो. लहान मूल चाळीस ते पन्नास टक्क्यांपर्यंत शोषू शकते. रिकाम्या पोटी हे शोषण वाढते. आणि शरीरात लोह किंवा कॅल्शियम कमी असेल तर आतडे त्याच वाटेने शिसेही ओढून घेते, कारण शिसे या दोन्हींची नक्कल करते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत १५ ते १९ वयोगटातल्या ५९ टक्के मुली ॲनिमिक आढळल्या होत्या. पहाटे उपाशीपोटी, शाळेच्या आधी सरावाला येणारी, हिमोग्लोबिन साडेनऊ असलेली मुलगी आणि रोज दूध-भाकरी खाऊन येणारा मुलगा एकाच हॉलमध्ये एकाच डब्यातले पेलेट हाताळत असले, तरी दोघांच्या अंगात जाणारे शिसे सारखे नसते.

शिसे रक्तातून साधारण महिनाभराने निम्मे होते, म्हणून सुट्टीनंतर तपासणी केली तर आकडा चांगला दिसतो. पण रक्तातून गेलेले सगळे शरीराबाहेर पडत नाही. बरेच शिसे कॅल्शियमच्या जागी हाडांत जाऊन बसते आणि तिथे दहा-वीस वर्षे राहते. पुढे गरोदरपणात आईचे शरीर बाळासाठी हाडांतले कॅल्शियम काढते, तेव्हा त्याच्याबरोबर हे जुने शिसेही रक्तात उतरते आणि नाळेतून बाळापर्यंत पोहोचते. मुलींच्या बाबतीत दक्षता जास्त हवी ती यासाठी. खेळ सोडायला लावण्याचे हे कारण नाही. शूटिंग करून सुदृढ मुले झालेल्या कित्येक खेळाडू देशात आहेत.

लक्षणांवर विसंबून चालत नाही. पोट दुखणे, बद्धकोष्ठ, चिडचिड, अभ्यासात लक्ष न लागणे, थकवा. यातले काय दहावीच्या मुलात नसते? कमी पातळीवर बहुतेकांना काहीच जाणवत नाही. म्हणून खबरदारी आधी, लक्षण नंतर.

आणि खबरदारी स्वस्त आहे. इथेच नवशिक्याने आणि क्लबने खर्चात काटछाट करू नये, कारण खर्च मुळात जवळजवळ नाहीच.

पेलेट तोंडात धरणे बंद करावे. जत्रेतल्या स्टॉलवाल्यापासून शिकारी लोकांपर्यंत ही सवय सगळीकडे आढळते: दोन पेलेट ओठांत, एक नळीत. रेंजवरही एखादा मुलगा हात मोकळा राहावा म्हणून तेच करतो. प्रशिक्षकाने हे एकदा पाहिले तर त्या दिवसापुरते त्याचे शूटिंग थांबवावे.

रेंजच्या आत खाणे-पिणे नको. पाण्याची बाटली बाहेर. सराव संपला की आधी साबण आणि थंड पाण्याने हात, मनगट आणि चेहरा धुवायचा, मगच वडापाव. सॅनिटायझर इथे काही कामाचा नाही. तो जंतू मारतो, शिसे हलवत नाही. ओल्या पुसण्यांनी थोडे निघते, पण साबण-पाण्याची जागा त्या घेत नाहीत.

सर्वांत जास्त नुकसान झाडू करतो. हॉल बंद करण्याआधी कोणीतरी, बहुधा सर्वांत लहान शिकाऊ मुलगा किंवा क्लबची मावशी, फायरिंग लाइन आणि सापळ्यासमोरची जागा कोरड्या झाडूने झाडते. मजल्यावर बसलेली धूळ अशाने पुन्हा हवेत जाते आणि झाडणाऱ्याच्या श्वासात शिरते. ओल्या फडक्याने पुसायचे, फडके वेगळे ठेवायचे, पाणी नाल्यात न ओतता सांडपाण्याच्या संडासात टाकायचे. व्हॅक्यूम क्लीनर वापरायचा असेल तर त्याला बारीक धूळ अडवणारा हेपा फिल्टर हवा. घरगुती साधा व्हॅक्यूम बारीक शिसे मागच्या बाजूने पुन्हा खोलीत सोडतो.

सापळा रिकामा करणे हे मोठ्यांचे काम. हातमोजे, मास्क, आधी पाण्याचा हलका फवारा, मग तुकडे झाकणाच्या डब्यात. भंगारवाला ते किलोवर घेतो, आणि क्लबला त्यातून थोडे पैसेही मिळतात. पण डबा भरेपर्यंत कोपऱ्यात उघडा ठेवणे, किंवा ‘जाळ्याला वजने करू’ म्हणून कोणी थोडे शिसे घरी नेऊन चुलीवर वितळवणे, हे होऊ देऊ नये. वितळलेल्या शिशाची वाफ स्वयंपाकघरात पसरते. अमेरिकेत घरी काडतुसे भरणाऱ्यांना बाधा होते ती बरीचशी अशीच: शिसे वितळवून गोळ्या ओतताना आणि जुन्या पुंगळ्या घोळवून साफ करताना उडणाऱ्या धुळीतून. तेव्हा घरी काडतूस भरण्याची कल्पना इथे कायद्याने अडवली, हे आरोग्याच्या दृष्टीने वाईट झाले नाही.

हवेचा प्रवाह खेळाडूच्या पाठीकडून लक्ष्याकडे जायला हवा. अनेक हॉलमध्ये उकाड्यामुळे समोरच्या भिंतीवर पंखा लावलेला दिसतो. तो धूळ थेट चेहऱ्यावर आणतो. पंखा मागे हलवायला फक्त एक्स्टेन्शन बोर्ड लागतो. एअर रायफलच्या छोट्या हॉलला एवढे बहुतेक वेळा पुरते. पॉइंट टू टूची बंदिस्त रेंज मात्र योग्य एक्झॉस्टशिवाय चालवू नये.

शूटिंगचे जाकीट आणि पँट जाड कॅनव्हासची असते, ती धुता येत नाही. ती घरातल्या कपाटात, गादीवर किंवा धाकट्या भावंडाच्या खेळण्यांजवळ न ठेवता बाहेर टांगावी, ओल्या कापडाने पुसावी. रेंजचे बूट दारातच. आतले टी-शर्ट वेगळे धुवावेत. घरात दोन-तीन वर्षांचे मूल असेल तर हे नियम सर्वांत आधी त्याच्यासाठी आहेत, कारण ते जमिनीवर रांगते आणि हात तोंडात घालते.

आहारात वेगळे काही महागडे लागत नाही. सरावाआधी पोटात काहीतरी हवे. नाचणीची भाकरी, दूध-दही, पालेभाज्या, मटकी, वर लिंबू. मुलीचे हिमोग्लोबिन कमी असेल तर लोहाच्या गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्याने पूर्ण कराव्यात, अर्धवट सोडू नयेत.

शिशाशिवायचे पेलेटही मिळतात, कथिल किंवा जस्ताच्या मिश्रधातूचे. आंतरराष्ट्रीय नियम शिसे किंवा इतर मऊ पदार्थाच्या पेलेटला परवानगी देतात, म्हणजे नियमाची अडचण नाही. अडचण किमतीची आणि अचूकतेची आहे. कथिल हलके असल्याने बऱ्याच रायफलींत त्यांचा समूह शिशासारखा घट्ट बसत नाही. पण पहिल्या सहा महिन्यांत मुलाचा नेम दोन-तीन रिंगांनी हलत असतो, तेव्हा पेलेटच्या अचूकतेतला हा फरक त्याच्या लक्ष्यावर दिसणारही नाही. ज्या क्लबमध्ये १२ वर्षांखालची मुले आहेत, त्यांनी निदान त्यांच्यापुरता हा खर्च करून पाहायला हरकत नाही.

शेवटी तपासणी. नेहमीच्या सीबीसीत शिसे मोजले जात नाही. ‘ब्लड लेड’ अशी वेगळी चाचणी सांगावी लागते. सांगली-मिरजेला किंवा साताऱ्यात नमुना शिरेतून घेतला जातो आणि बरेचदा मोठ्या प्रयोगशाळेकडे पाठवला जातो. बोटाला टोचून नमुना घ्यायचा असेल तर बोटावर बसलेली रेंजची धूळ आकडा खोटा वाढवू शकते, म्हणून शिरेतलेच रक्त द्यावे आणि सरावाच्या दिवशी देऊ नये. सुरुवात करण्याआधी एकदा आणि वर्षभराने एकदा, एवढे पुरते. पहिली चाचणी महत्त्वाची, कारण शिसे रेंजवरूनच आले असे नसते. जुन्या घराचा रंग, भेसळीची कल्हई, घराजवळची बॅटऱ्या फोडणारी भट्टी, लेड क्रोमेटने पिवळी केलेली खुली हळद यांतूनही ते येते. सांगलीला हळदीच्या बाजारपेठेमुळे ही शेवटची भेसळ चांगली माहीत आहे. पहिल्याच चाचणीत आकडा ५ च्या वर असेल तर आधी घर तपासावे. वर्षभरात तो वाढला असेल तर रेंज.

१० मायक्रोग्रॅमच्या आसपासच्या आकड्यावर औषध नसते. शिसे बाहेर काढणारी औषधे मुलांमध्ये साधारण ४५ मायक्रोग्रॅमच्या वरच वापरतात, त्यांचेही दुष्परिणाम असतात. खालच्या आकड्यावर उपाय एकच, स्रोत बंद करून तीन महिन्यांनी पुन्हा मोजणे. त्या तीन महिन्यांत मुलाने शूटिंग सोडायला हवेच असे नाही. घरी, भिंतीवरच्या काळ्या ठिपक्यासमोर, रिकाम्या रायफलीने सराव चालू ठेवता येतो.